‘ट्रस्ट’ : एक शब्द, दोन पदर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात झालेले भाषण)



चिटणीसांनी निमंत्रण देताना विषयाचे बंधन घातले नाही. “तुम्ही इंग्रजीचे मास्तर; तुमच्या विषयातलेच काही सांगा, पण मुलाबाळांना आणि आजीबाईंनाही समजेल असे सांगा,” एवढीच त्यांची अट होती. अट दिसायला लहान, पण पाळायला कठीण. विषयाच्या शोधात असतानाच मागच्या आठवड्यात काही कामानिमित्त इकडे आलो आणि दारावरच्या पाटीकडे प्रथमच नीट पाहिले. पाटी तीन लिप्यांत आहे : नागरी, तेलुगू आणि रोमन. पाटीवरचा शेवटचा शब्द तिन्ही लिप्यांत एकच आहे, तो म्हणजे ‘ट्रस्ट’. बाकी शब्दांचे रूप लिपीगणिक थोडेफार बदलले. या एका शब्दाचे भाषांतर करावे असे कोणालाच वाटले नाही. मला विषय सापडला.

इंग्रजी शब्दांचा पाठलाग करण्याची आपल्या शहराला जुनी सवय आहे. १९१७ साली इथे दारुत्तर्जुमा स्थापन झाले. पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि शास्त्र, कायदा, वैद्यक यांतील इंग्रजी शब्दांना उर्दू प्रतिशब्द शोधण्यात मोठमोठे विद्वान गढून गेले. मी काही विद्वान नाही, बी. ए., बी. एड. झालेला शाळामास्तर आहे. पण शब्द उलटून पालटून पाहण्याची खोड मलाही आहे.

प्रथम वर्गातली एक गंमत सांगतो. दहावीच्या मुलांना मी एकदा भाषांतराला वाक्य दिले : ‘माय अंकल इज अ ट्रस्टी.’ एका मुलाने लिहिले, “माझे काका सर्वांवर विश्वास ठेवतात.” त्याच्या शेजाऱ्याने एक पाऊल पुढे टाकले, त्याने लिहिले, “माझे काका भोळे आहेत.” वर्ग हसला, मीही हसलो. घरी येताना मात्र वाटले की, चूक मुलाची असली तरी प्रश्न खरा आहे. ट्रस्टी म्हणजे विश्वास ठेवणारा, की ज्याच्यावर विश्वास ठेवला तो?

व्याकरण याचे उत्तर देते. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी येणारा हा ‘ई’ पुष्कळदा क्रिया करणारा दाखवीत नाही, जिच्याकडे क्रिया जाते ती व्यक्ती दाखवितो. एम्प्लॉयर नोकर ठेवतो, एम्प्लॉयी नोकरीवर ठेवला जातो. धनादेशावरचा पेयी पैसे देत नाही, त्याला पैसे मिळतात. तद्वत ट्रस्टी हा विश्वास ठेवणारा नव्हे. त्याच्या अंगावर दुसऱ्यांनी विश्वास टाकलेला असतो. आपल्या भाषेने ही खुबी नेमकी ओळखली आहे. आपण ‘विश्वासी’ म्हटले नाही, ‘विश्वासू’ही म्हटले नाही, ‘विश्वस्त’ म्हटले. विश्वासू हा स्वभाव आहे. विश्वस्त ही जबाबदारी आहे. माणूस जन्मतः विश्वासू असू शकेल. जन्मतः विश्वस्त कोणी नसतो.

आता हा शब्द इंग्रजी बोलणारे लोक कोठे कोठे वापरतात ते पाहू. ‘आय ट्रस्ट यू’ म्हणजे माझा तुमच्यावर विश्वास आहे, हे सरळच आहे. पण जुन्या वळणाच्या पत्रात आरंभीच ‘आय ट्रस्ट यू आर वेल’ असे असते. त्यात विश्वासाचा काही संबंध नाही; ‘आपण खुशाल असाल अशी आशा करतो’ एवढाच त्याचा अर्थ, आपल्या ‘पत्रास कारण की’सारखा शिष्टाचार. ‘ट्रस्ट टु लक’ म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे. एखादी गोष्ट ‘ऑन ट्रस्ट’ मानली म्हणजे पुरावा न मागता खरी धरली. दुकानदाराने माल ‘ऑन ट्रस्ट’ दिला म्हणजे उधारीवर दिला. आपल्या बेगम बाजारात ‘आज नगद, कल उधार’ अशी पाटी लावणारा दुकानदार याच शब्दाला नमस्कार करून मोकळा होतो. आणि तुरुंगात चांगल्या वर्तणुकीमुळे ज्या कैद्याला थोडी मोकळीक देऊन कामे सांगतात, त्यालाही इंग्रजीत ट्रस्टीच म्हणतात. फक्त त्याचे स्पेलिंग निराळे. आपल्या मंडळाच्या सभासदांनी हा शेवटचा अर्थ मनावर घेऊ नये!

मोबाइल फोनवर वाढणाऱ्या आजच्या मुलांना हा शब्द आणखी एका जागी भेटतो. फोन संगणकाला जोडला की पडद्यावर प्रश्न उमटतो, या संगणकावर ट्रस्ट ठेवायचा का? मूल क्षणाचाही विचार न करता ‘हो’वर बोट ठेवते. एवढ्या सहजपणे दिलेला विश्वास पूर्वी कोणी पाहिला नसेल.

आता या शब्दाचे मूळ खणू. भाषाशास्त्रज्ञ ‘ट्रस्ट’चे मूळ उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेत शोधतात, आणि त्याच्याही मागे जाऊन ज्या प्राचीन धातूपाशी पोचतात त्याचा अर्थ ‘घट्ट, टणक, लाकडासारखा भक्कम’ असा आहे. ‘ट्रू’ म्हणजे खरा आणि ‘ट्री’ म्हणजे झाड हे शब्द त्याच कुळातले. संस्कृतातला ‘दारु’ म्हणजे लाकूड, ज्यावरून आपला देवदार झाला, तोही याच कुळातला. इंग्रजाच्या मनात विश्वासाचे चित्र आहे ते न वाकणाऱ्या लाकडाचे. पाठ टेकली तर मोडणार नाही, तो ट्रस्ट.

आपल्या ‘विश्वास’ शब्दात चित्र निराळे आहे. त्यात ‘श्वास’ आहे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, भय वाटत नाही, तेथे विश्वास. आणि माझ्या घरी दखनीत जो शब्द ऐकत मी वाढलो, तो ‘अमानत’. त्याचे अरबी मूळ ‘सुरक्षित असणे, निर्भय असणे’ असे आहे. ईमान, अमन, अमीन हे त्याचेच भाऊ. पैगंबरसाहेबांना मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत. त्यांच्याशी वैर धरणारेही आपल्या ठेवी त्यांच्याच घरी ठेवीत, आणि इ. स. ६२२ मध्ये मक्का सोडताना त्या ठेवी ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेविले, असे चरित्रकार सांगतात.

हा ‘अमानत’ मराठीच्या घरात केव्हाच येऊन बसला आहे. अक्षरांची थोडी अदलाबदल झाली आणि त्याचा ‘अनामत’ झाला, इतकेच. निवडणुकीत उमेदवार अनामत रक्कम भरतो, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाली तर ती जप्त होते. ‘अनामत जप्त झाली’ हे वाक्य निकालाच्या दिवशी आपण किती सहज म्हणतो! आपण मक्केचा शब्द बोलत आहोत, याची कोणाला कल्पनाही नसते. इमान, इमानदार, बेइमान हे शब्दही तिकडचेच. पण आज मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ते नांगराइतके घरचे झाले आहेत.

मंडळी, आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीने ‘ट्रस्ट’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या वस्तू बांधल्या आहेत. एक मनातली : भरवसा. दुसरी हातातली : ठेव. आपल्या भाषांनी या दोहोंना दोन शब्द ठेवले. मराठीत विश्वास वेगळा आणि न्यास वेगळा. उर्दूत एतबार वेगळा आणि अमानत वेगळी. तेलुगूत मनातला तो नम्मकम्, आणि देवळाची मालमत्ता सांभाळणारा तो धर्मकर्ता. ‘न्यास’ शब्दाचा धात्वर्थच ‘खाली ठेवणे’ असा आहे. आपली ‘ठेव’ही ‘ठेवणे’पासूनच झाली. स्मृतिकारांनी हे काम मनाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही. मनुस्मृतीत वादाची जी अठरा प्रकरणे सांगितली आहेत, त्यांत कर्जाच्या पाठोपाठ दुसरेच प्रकरण ‘निक्षेप’, म्हणजे ठेवीचे आहे. म्हणजे ठेवीवरून भांडणे होतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते.

हे दोन पदर वेगळे ओळखले नाहीत म्हणजे काय घोटाळा होतो, याची काही उदाहरणे देतो.

अमेरिकेत १८८२ साली स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांनी आपले शेअर मूठभर ट्रस्टींच्या स्वाधीन केले आणि बदल्यात प्रमाणपत्रे घेतली. त्या ट्रस्टींच्या हाती तेलाच्या धंद्याची नाडी गेली. लोक हैराण झाले, आणि १८९० साली शर्मन कायदा आला. १९११ मध्ये त्याच कायद्याखाली ती कंपनी फोडण्यात आली. तेव्हापासून मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यांना तिकडे ‘अँटी-ट्रस्ट’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, अमेरिकेत विश्वासाविरुद्ध कायदा आहे का?” नाही बाळ, विश्वासाविरुद्ध नाही, विश्वासाच्या नावाखाली कोंडलेल्या बाजाराविरुद्ध आहे. पुढे याच व्यापारी अर्थावरून ‘ब्रेन ट्रस्ट’ शब्द निघाला : १९३२ च्या सुमारास रूझवेल्टसाहेबांच्या भोवतीच्या पंडितांचा कंपू.

आपल्याकडे यावे तर मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट झाला, आणि १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. येथे ट्रस्ट म्हणजे दानधर्म नव्हे, सार्वजनिक कारभार. गोद्या आणि रस्ते हीदेखील लोकांची ठेव आहे, हा त्यातला भाव. मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर आपल्या शहरानेही असेच काम हाती घेतले, पण येथे नाव ‘ट्रस्ट’ न ठेवता सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड ठेवले; लोक त्याला ‘आराइश-ए-बलदा’ म्हणत. मुंबईच्या बंदराचेही आता ‘ट्रस्ट’ हे नाव गेले असून ‘पोर्ट अथॉरिटी’ हे नाव आले आहे.

१९४५ च्या सनदेने संयुक्त राष्ट्रांनी विश्वस्त परिषद नेमली. अकरा प्रदेश, जेथील लोक अद्याप स्वतंत्र नव्हते, मोठ्या राष्ट्रांच्या हाती ‘ट्रस्ट’ म्हणून सोपविले गेले. त्यांतला शेवटचा पलाऊ १९९४ मध्ये स्वतंत्र झाला, आणि परिषदेने आपले काम थांबविले. विश्वस्ताचे काम पूर्ण होते म्हणजे काय, ते येथे दिसते : ठेव ज्याची त्याच्या हाती गेली की विश्वस्त मोकळा.

आपल्या शहरातले उदाहरण तर झगमगणारे आहे. सातव्या निजामांनी १९५१ साली आपल्या जवाहिरांचा ट्रस्ट केला. पुढे १९९५ मध्ये भारत सरकारने त्यांतले १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. सालारजंग संग्रहालयातील प्रदर्शनात आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिलेही असतील. तेथे काचेपुढे उभे राहून माझ्या मनात आले, एवढी वर्षे प्रत्येक नगाची नोंद, वजन आणि वर्णन कोणीतरी सांभाळले, म्हणून आज हे आपल्याला दिसते आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ साली युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे काम सुरू झाले. शिक्षक, कारकून, पेन्शनर यांनी त्या नावातल्या ‘ट्रस्ट’वर भिस्त ठेवून युनिट ६४ मध्ये पुंजी घातली. जुलै २००१ मध्ये त्या योजनेतील खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविली गेली, तेव्हा कित्येक घरांचा श्वास अडकला. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण त्या वर्षी फार ऐकू आली.

आणि आपल्याच भाषेचे विनोबा. १८ एप्रिल १९५१ रोजी आपल्या शहरापासून फार दूर नसलेल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले. गावच्या भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले, आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिले. धनवानाने स्वतःला धनाचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विचार तेथे मातीला लागला. पण पुढे देशभर मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी प्रत्यक्षात वाटलीच गेली नाही. दानाची भावना उंच होती. तिच्यामागून नोंदीची वही तितक्या चिकाटीने चालली नाही.

आता एक घरगुती गोष्ट सांगतो. ती सांगण्याचा मोह मी पुष्कळ वेळ आवरला होता.

माझे आजोबा हदगाव भागातल्या एका खेड्यात शिंपी होते. सारा गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणे. शेजारी एक लिंगायत वाणी राहत; त्यांना सारे ‘अप्पा’ म्हणत. १९४८ च्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धाकाने, अप्पा बायकामुलांसह पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, उमरखेडकडे निघाले. निघण्याच्या रात्री त्यांच्या घरच्या अक्का पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. “मास्तर, हे तुमच्या हवाली,” एवढेच त्या बोलल्या. आजोबांनी त्यांच्या डोळ्यांदेखत डब्यावर मांजरपाट चढविला, दुहेरी टाक्यांनी शिवून टाकला, आणि शिवणीवर अक्कांच्या अंगठ्याचा शाईचा ठसा घेतला.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. १७ तारखेला निजामी राजवट संपली. आणि मग पळण्याची पाळी आमच्या घरावर आली. मराठवाड्यातील कित्येक मुसलमान कुटुंबांप्रमाणे आजोबा रातोरात निघाले. नांदेडपर्यंत पायी आणि तेथून रेल्वेने ते या शहरात आले. सोबत आणता आले ते एवढेच : शिलाई यंत्राचे डोके, एक कुराण आणि तो डबा. नामपल्लीच्या मागे एका खोलीत संसार मांडला. त्या वर्षी आजीच्या चांदीच्या पाटल्या विकल्या गेल्या. डबा कपाटात तसाच होता.

१९५० मध्ये आजोबांनी मराठीत पोस्टकार्ड टाकून अप्पांना बोलाविले. अप्पा आले. दोघांनी पोटभर रडून घेतले. आजोबांनी डबा पुढे ठेवला. टाके शाबूत, ठसा शाबूत. अप्पा म्हणाले, “मास्तर, मोजायचे काय त्यात? माझा विश्वास आहे.”

आजोबा म्हणाले, “अप्पा, विश्वास तुमचा आहे, तो तुमच्यापाशी राहू द्या. पण मोजल्याशिवाय माझी सुटका कशी होणार? मोजा.”

मोजले. आणि सोन्याची एक अंगठी कमी भरली.

मंडळी, त्या खोलीत त्या क्षणी काय झाले असेल याचा विचार करा. अप्पा काही बोलले नाहीत. पण त्यांनी मानही वर केली नाही. आजोबा मला सांगत, “टाके शाबूत होते खरे, पण टाके घालणारा मीच शिंपी होतो. उसवून पुन्हा तसेच घालणे मलाच तर सोपे होते.” ठसा अक्कांचा होता, पण यादी कोठेच नव्हती. घेताना यादी केली नव्हती. भावाच्या नात्याने दिलेल्या डब्याची यादी मागणे आजोबांना त्या रात्री कमीपणाचे वाटले होते.

अप्पांनी घरी पत्र टाकले. उत्तर येण्यास आठ दिवस लागले. ते आठ दिवस अप्पा आमच्याच घरी राहिले, आजोबांच्या ताटाशेजारी बसून आपले आणलेले जेवले, आणि दोघांत हवापाण्याखेरीज बोलणे झाले नाही. आजी सांगत की, आजोबा त्या आठ रात्री झोपले नाहीत. नवव्या दिवशी कार्ड आले. अंगठी अक्कांनी डबा देण्यापूर्वीच काढून घेतली होती. पैनगंगेपलीकडे गेल्यावर धान्यासाठी ती विकली होती, आणि अप्पांना सांगण्याचा धीर झाला नव्हता. कार्ड वाचून अप्पांनी आजोबांचे दोन्ही हात धरले. पण आजोबांच्या तोंडून निघाले ते असे : “चूक तुमची नाही, अक्कांचीही नाही. चूक माझी. मी यादी केली नाही.”

त्यानंतर कोणीही काही ठेवायला आणले की आजोबा प्रथम वही काढीत. एक ओळ मोडक्या मराठीत, एक उर्दूत, खाली दोघांची सही अगर अंगठा. कोणी रागावून “मास्तर, आमच्यावर विश्वास नाही काय?” असे म्हटले, तर हसून म्हणत, “तुमच्यावर आहे. माझ्यावर तुमचा राहावा म्हणून ही वही आहे.” ती वही आजही माझ्या घरी आहे.

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो, तरी तिचा अर्थ मला वेळेवर कळला नाही, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका लहानशा शिक्षण निधीच्या समितीवर मी होतो. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. खजिनदार अत्यंत सज्जन गृहस्थ होते. पदरचे पैसे घालून गरीब मुलांची फी भरणारे. तीन वर्षे हिशेब वाचला गेला नाही. दर सभेत तो विषय निघे, आणि दर सभेत कोणीतरी म्हणे, “अहो, त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा का?” मी सर्वांत शिकलेला, सर्वांत तरुण, मीच विचारायला हवे होते. भिडेपोटी विचारले नाही. एके सकाळी ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. कोणते पैसे निधीचे, कोणते त्यांचे स्वतःचे, कोणाची फी भरली, कोणाची राहिली, सारे त्यांच्याबरोबर गेले. त्या वर्षी आमच्या भरवशावर राहिलेल्या एका मुलीचे कॉलेजचे वर्ष बुडाले. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या सज्जनाच्या मागे कुजबुज सुरू झाली. त्यांची पत्नी माझ्या घरी येऊन म्हणाली, “भाईजान, तुम्ही तरी हिशेब मागितला असता, तर आज त्यांची इज्जत राहिली असती.”

त्या दिवशी मला ‘ट्रस्ट’ शब्दाचा अर्थ कळला. शब्दकोशात इतकी वर्षे तो पाहत होतो. पण कळला तो त्या दिवशी. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. विश्वास हा देणाऱ्याचा पदर आहे, हिशेब हा घेणाऱ्याचा. देणाऱ्याने म्हणावे, “माझा विश्वास आहे.” घेणाऱ्याने म्हणावे, “म्हणूनच मोजून घ्या.” घेणाराच जर म्हणू लागला की, “विश्वास आहे ना, मग मोजता कशाला?”, तर त्याने दुसऱ्याचे वाक्य चोरले असे समजावे.

कायदाही हेच सांगतो. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खाजगी न्यासांपुरता आहे; वक्फ आणि सार्वजनिक धर्मादाय त्याच्या कक्षेबाहेर आहेत. पण त्याने न्यासाची केलेली व्याख्या फार मार्मिक आहे. तो न्यासाला भावना म्हणत नाही, मालकीला जडलेले बंधन म्हणतो. त्या बंधनाचे मूळ मात्र एकाने टाकलेल्या आणि दुसऱ्याने स्वीकारलेल्या विश्वासात आहे, असे सांगतो. म्हणजे विश्वास हे मूळ आणि बंधन हे झाड. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जशी काळजी घेतो तशी विश्वस्ताने न्यासाच्या वस्तूची घ्यावी, आणि हिशेब स्पष्ट व बिनचूक ठेवून लाभार्थ्याने मागताच दाखवावा, असे तो बजावतो. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. वक्फाच्या मुतवल्लीवरही हिशेबाची जबाबदारी आहे. पंथ निराळे, कायदे निराळे, पण वही सर्वांना सारखीच.

आपल्याकडे विनोदाने म्हणतात, “विश्वास तर पानिपतावर गेला!” विश्वासराव १७६१ मध्ये पडले ते पडले, पण गेल्या पन्नास वर्षांत या इमारतीत विश्वास जगला आहे, आणि तो नुसत्या चांगुलपणावर जगलेला नाही. मघाशी चिटणीसांनी मला कपाटातल्या जमाखर्चाच्या वह्या दाखविल्या. पहिल्या वर्षाच्या वहीत पाच रुपये देणाऱ्या एका विधवा बाईंच्या नावापुढे पावतीचा क्रमांक आहे. माझ्या मते या सुवर्णमहोत्सवाचे खरे सुवर्ण ते आहे.

शेवटी, ज्या मुलामुलींना आज शिष्यवृत्त्या मिळाल्या, त्यांना एक शब्द. तुम्हाला वाटत असेल की ठेव विश्वस्तांकडे होती आणि आता ती तुम्हाला मिळून संपली. तसे नाही. आता ती तुमच्याकडे आली. त्या पाच रुपयांच्या बाईंनी टाकलेला विश्वास आज तुमच्या वहीपेनात आहे. तुमचा हिशेब कोणी लेखापरीक्षक तपासणार नाही; तो तुमचा तुम्हालाच ठेवायचा आहे. उद्या कमावते झालात की कोणा दुसऱ्या मुलाच्या हाती ती ठेव पोचती करा.

कालिदासाच्या शाकुंतलात चौथ्या अंकाच्या शेवटी कण्व ऋषी मुलीला सासरी पाठवितात, आणि ठेव परत केल्यावर माणसाचे मन जसे निर्मळ होते तसे आपले झाले, असे म्हणतात. माझे आजोबा शाकुंतल वाचलेले नव्हते. पण अप्पांना स्टेशनवर पोचवून परत आल्यावर ते प्रथमच बारा तास झोपले, असे आजी सांगे.

आपल्या विश्वस्तांना तशीच गाढ झोप पुढची पन्नास वर्षे लाभो, आणि आपण सर्वांनी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवून दरवर्षी न चुकता त्यांचा हिशेब ऐकावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.